वजनरहित अवस्थेतील हृदय व रक्तप्रवाह मापन

वजनरहित अवस्थेतील हृदय व रक्तप्रवाह मापन : अवकाशयानातील वजनरहित अवस्थेत मानवी हृदयाचे स्पंदन, रक्तदाब व रक्तप्रवाह यांचे त्वचेला छेद न देता, म्हणजे शरीराबाहेरूनच, मापन करण्याच्या पद्धती व त्यांचा इतिहास. रुग्णालयात रक्तवाहिनीत बारीक नळी घालून दाब मोजणे ही नित्याची गोष्ट आहे. अवकाशयानात मात्र जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव झाल्यास शस्त्रक्रियेची सोय नसते. त्यामुळे तेथे आरंभापासून बाह्य मापनावरच भर देण्यात आला. अशा मापनात एक मूलभूत अडचण असते. उपकरण जी राशी मोजते ती आणि वैद्याला जी जाणून घ्यावयाची असते ती या दोन्ही सहसा भिन्न असतात. त्यांना जोडणारे गृहीतक जमिनीवर पारखून घेतलेले असते आणि वजनरहित अवस्थेत नेमके तेच डळमळते. या विषयाचा इतिहास हा म्हणूनच बहुतांशी अशा गृहीतकांच्या फेरतपासणीचा इतिहास आहे.

गुरुत्वाकर्षण व रुधिराभिसरण : उभ्या माणसाच्या शरीरातील रक्त हा द्रवाचा एक उंच स्तंभच असतो. हृदयाच्या पातळीवर रोहिण्यांतील सरासरी दाब पाऱ्याच्या सु. १०० मिमी. असला, तर घोट्यापाशी तो जवळजवळ २०० मिमी. आणि मेंदूच्या पातळीवर सु. ७० मिमी. असतो. पायांतील रक्त हृदयाकडे परत येण्यास नीलांतील झडपा आणि पोटऱ्यांचे स्नायू यांचे साहाय्य होते. उभे राहताच हृदयाची गती व रोहिण्यांचे आकुंचन वाढवून मेंदूचा रक्तपुरवठा राखणारी प्रतिक्षेपी क्रियाही शरीरात असते.

पृथ्वीभोवती सु. ४०० किमी. उंचीवर फिरणाऱ्या यानाच्या ठिकाणी गुरुत्वाकर्षण नाहीसे झालेले नसते. ते पृष्ठभागावरील मूल्याच्या सु. ९० टक्के असते. परंतु यान व त्यातील माणूस एकाच प्रवेगाने पडत राहिल्यामुळे वजन जाणवत नाही आणि रक्ताच्या स्तंभामुळे निर्माण होणारा दाबातील फरकही उरत नाही. पायांतील रक्त व ऊतकद्रव छातीकडे व डोक्याकडे सरकतात. चेहरा सुजल्यासारखा दिसतो, मानेतील नीला फुगतात व पाय बारीक होतात. या स्थित्यंतराचा हृदयावर काय परिणाम होतो, हा अवकाशवैद्यकातील आद्य प्रश्नांपैकी एक होय.

प्रारंभीचे प्रयोग : आवश्यक साधनांपैकी दोन विसाव्या शतकाच्या आरंभीच उपलब्ध झाली होती. नेदर्लंड्‌समधील व्हिलेम आइंटहोव्हेन यांनी तंतू गॅल्व्हानोमीटराच्या साहाय्याने हृदयाच्या विद्युत् क्रियेचा आलेख (विद्युत् हृल्लेख) मिळविला. या कार्याबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रशियातील नीकलाय कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये दंडावरील फुगीर पट्टा सैल करीत असता रोहिणीत उमटणारे आवाज ऐकून रक्तदाब ठरविण्याची रीत सांगितली. अवकाशातील मापनासाठी तिसरे साधन लागत होते आणि ते म्हणजे मिळालेले संकेत रेडिओ तरंगांवाटे जमिनीवर पाठविण्याचे तंत्र (दूरमापन).

वजन नाहीसे झाल्यास हृदय बंद पडेल काय, अशी शंका त्या काळी गंभीरपणे विचारात घेतली जात असे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतून उडविण्यात आलेल्या व्ही–२ अग्निबाणांतून माकडे पाठवून तिचे निरसन करण्याचा प्रयत्न झाला. जून १९४९ मध्ये अशाच एका माकडाने सु. १३४ किमी. उंची गाठली. हवाई छत्री निकामी झाल्याने ते जमिनीवर आदळून मेले. परंतु त्यापूर्वी मिळालेल्या संकेतांवरून काही मिनिटांच्या वजनरहित अवस्थेत हृदयाचे कार्य चालू राहते हे दिसून आले.

सोव्हिएट संघाने ३ नोव्हेंबर १९५७ रोजी स्पुटनिक–२ मधून लायका ही कुत्री कक्षेत पाठविली. रक्तदाब मोजता यावा म्हणून शस्त्रक्रिया करून तिच्या मानेतील रोहिणीचा भाग त्वचेच्या घडीत आणण्यात आला होता. म्हणजे हे मापन पूर्णतः बाह्य नव्हते. उड्डाणापूर्वी मिनिटास सु. १०३ असलेली तिची नाडी वर चढताना २४० पर्यंत गेली. वजनरहित अवस्थेत ती पूर्ववत होण्यास जमिनीवरील केंद्रोत्सारक चाचणीच्या मानाने सु. तिप्पट वेळ लागला. लायकाला परत आणण्याची कोणतीही योजना नव्हती. यान अतिशय तापल्यामुळे काही तासांतच तिचा मृत्यू झाला, हे २००२ मध्ये जाहीर करण्यात आले.

मानवी उड्डाणे : यूरी गागारिन यांनी १२ एप्रिल १९६१ रोजी केलेल्या १०८ मिनिटांच्या उड्डाणात त्यांचा विद्युत् हृल्लेख व श्वसनाचा आलेख जमिनीवर प्रक्षेपित होत होते. यान उडण्याच्या क्षणी त्यांची नाडी मिनिटास १५७ पर्यंत पोहोचली होती. सोव्हिएट शास्त्रज्ञ रोमान बायेव्हस्की यांनी हृदयाच्या दोन लागोपाठच्या ठोक्यांमधील कालांतरात होणाऱ्या सूक्ष्म बदलांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. एका साध्या आलेखावरून स्वायत्त तंत्रिका तंत्राच्या स्थितीचा अंदाज बांधण्याची ही रीत पुढे भूमीवरील वैद्यकातही रूढ झाली.

अमेरिकेच्या जॉन ग्लेन यांच्या २० फेब्रुवारी १९६२ च्या उड्डाणात फुगीर पट्टा व ध्वनिग्राहक यांच्या योगाने कक्षेत रक्तदाब मोजण्यात आला. जमिनीवर हा पट्टा हृदयाच्या पातळीत असावा लागतो. हात खाली लोंबत असल्यास दाब वाढलेला दिसतो. वजनरहित अवस्थेत ही अट उरत नाही आणि हात कोठेही असला तरी फरक पडत नाही. बाह्य मापनाची एखादी अडचण अवकाशात आपोआप दूर होते, ती अशी.

उड्डाणात मिळालेले संकेत समाधानकारक असले, तरी परतल्यावर वेगळाच प्रकार आढळू लागला. वॉल्टर शिरा (१९६२) आणि विशेषतः सु. ३४ तास कक्षेत राहिलेले गॉर्डन कूपर (१९६३) यांना परतल्यावर उभे केले असता नाडी जलद होणे व रक्तदाब उतरणे ही लक्षणे दिसली. हृदय व रक्तवाहिन्या वजनरहित अवस्थेशी जुळवून घेतात आणि त्या जुळवणुकीची किंमत पृथ्वीवर परतल्यावर द्यावी लागते, हे त्यावरून उघड झाले. नाडी व रक्तदाब यांवरून ही जुळवणूक कळत नव्हती. हृदय दर ठोक्यास किती रक्त बाहेर टाकते (स्पंदन घनफळ), हे कळणे आवश्यक होते.

अपोलो–१५ मधील प्रसंग : चंद्रावरून परतताना जुलै–ऑगस्ट १९७१ मध्ये जेम्स अर्विन यांच्या विद्युत् हृल्लेखात दर नियमित ठोक्यामागे एक अकाली ठोका असा अनियमित ताल काही वेळ दिसून आला. ही गोष्ट जमिनीवरील वैद्यांना दूरमापनामुळे कळली. उड्डाणात असताना ती अवकाशवीरांना सांगण्यात आली नाही. शरीरातील पोटॅशियमाची घट आणि अतिश्रम ही कारणे असावीत असे मानून अपोलो–१६ च्या आहारात पोटॅशियमाचे प्रमाण वाढविण्यात आले. पुढे १९७३ मध्ये अर्विन यांना हृदयविकाराचा झटका आल्याने मूळ कारण हृदयाच्याच रोहिण्यांत असण्याची शक्यता पुढे आली. विद्युत् हृल्लेख हृदयाचा ताल अचूक सांगतो, परंतु हृदयाच्या रक्तवाहिन्यांची स्थिती किंवा रक्तप्रवाह त्यावरून सरळ कळत नाही, ही मर्यादा या प्रसंगाने अधोरेखित केली.

संरोध पद्धती : रक्तप्रवाह बाहेरून जाणण्याचा एक मार्ग विद्युत् शास्त्रातून निघाला. रक्त हे स्नायू, चरबी व हवेने भरलेली फुप्फुसे यांच्या मानाने विजेचे चांगले संवाहक आहे. मानेभोवती व छातीच्या खालच्या भागाभोवती प्रत्येकी दोन पट्टीवजा विद्युत् अग्रे बसवून बाहेरच्या जोडीतून उच्च कंप्रतेचा (सु. १०० किलोहर्ट्‌झ) व न जाणवणारा क्षीण प्रत्यावर्ती प्रवाह सोडतात आणि आतल्या जोडीमधील विद्युत् दाब मोजतात. त्यावरून छातीचा विद्युत् संरोध मिळतो. हृदयातून महारोहिणीत रक्त फेकले गेले की हा संरोध किंचित घटतो. घट जितक्या वेगाने होते, त्यावरून स्पंदन घनफळ काढता येते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात विल्यम क्यूबिसेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी अवकाशवीरांसाठी म्हणूनच ही पद्धती विकसित केली व १९६६ मध्ये तिचे सूत्र प्रसिद्ध केले. सोव्हिएट अवकाशस्थानकांतही तिचा विस्तृत वापर झाला.

या सूत्रात छातीचा मूळ संरोध हा एक घटक असतो आणि छाती हा ठराविक लांबीचा एकजिनसी दंडगोल आहे, असे गृहीत धरलेले असते. वजनरहित अवस्थेत छातीतील द्रवाचे प्रमाण व मध्यपटलाची जागा ही दोन्ही बदलतात. त्यामुळे या पद्धतीने मिळणारी निरपेक्ष मूल्ये संशयास्पद ठरतात. एकाच व्यक्तीतील कमीअधिक बदल पाहण्यास मात्र ती उपयुक्त आहे.

याउलट प्रकार प्रक्षेप हृल्लेखनाचा आहे. हृदयातून रक्त जोराने बाहेर पडताना शरीरास उलट दिशेने सूक्ष्म धक्का बसतो. तो टिपण्यासाठी अमेरिकन वैद्य आयझॅक स्टार यांनी १९३०–४० या दशकात टांगता पलंग वापरला होता. जमिनीवर पलंगाचे घर्षण व लवचिकता यांमुळे आलेख विकृत होतो. वजनरहित अवस्थेत तरंगणारे शरीर हाच आदर्श पलंग ठरतो. स्पेसलॅब–१ च्या उड्डाणात (१९८३) तिन्ही दिशांतील असे आलेख घेण्यात आले.

स्कायलॅब : या अमेरिकन स्थानकात १९७३–७४ मध्ये तीन तुकड्या अनुक्रमे २८, ५९ व ८४ दिवस राहिल्या. तेथे हृदयाच्या विद्युत् क्रियेचे परस्परांस लंब अशा तीन दिशांतील आलेख नियमितपणे घेण्यात आले. कमरेखालचा भाग हवाबंद पिंपात ठेवून त्यातील हवेचा दाब पाऱ्याच्या ५० मिमी. पर्यंत कमी करण्यात येई. त्यामुळे रक्त पायांकडे ओढले जाऊन उभे राहण्याचा परिणाम कृत्रिम रीतीने घडविता येई व त्या वेळची नाडी व रक्तदाब यांवरून प्रतिक्षेपी क्रियांची क्षमता अजमावता येई. पायांचे घेर साध्या फितीने ठिकठिकाणी मोजण्यात आले, तेव्हा दोन्ही पायांतून मिळून सु. दोन लिटर द्रव वर सरकल्याचे आढळले. अवकाशातील द्रवस्थलांतराचा हा पहिला भक्कम पुरावा एका शिंप्याच्या वापरातील साधनाने मिळाला, ही गोष्ट उल्लेखनीय आहे.

श्राव्यातीत ध्वनीचा उपयोग : हृदय प्रत्यक्ष ‘पाहण्या’चे साधन श्राव्यातीत ध्वनीने दिले. काही मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचे ध्वनितरंग शरीरात सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून निलयांचे आकारमान व झडपांची हालचाल दिसते. वाहत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या तरंगांच्या कंप्रतेत पडणाऱ्या फरकावरून (डॉप्लर परिणाम) रक्ताचा वेग निघतो. मात्र त्यासाठी तरंग व रक्तप्रवाह यांच्या दिशांमधील कोन माहीत असावा लागतो.

फ्रान्सचे झां–लू क्रेत्यँ यांनी जून १९८२ मध्ये सॅल्यूत–७ वर फ्रेंच बनावटीच्या अशा उपकरणाने हृदय व मोठ्या रक्तवाहिन्या यांचे निरीक्षण केले. त्याच स्थानकात १९८४ मध्ये २३७ दिवस राहिलेले ओलेग आत्कोव्ह हे स्वतः हृद्रोगतज्ञ होते. ३ ते ११ एप्रिल १९८४ या काळात अवकाशात गेलेले पहिले भारतीय अवकाशवीर राकेश शर्मा त्यांच्याच मुक्कामात तेथे पोहोचले. शर्मा यांच्या कार्यक्रमात योगासनांचा वजनरहित अवस्थेतील उपयोग आणि हृदयाच्या विद्युत् क्रियेचे मापन यांसंबंधीचे प्रयोग होते. अमेरिकेने एप्रिल १९८५ मध्ये डिस्कव्हरी यानातून आपले पहिले प्रतिध्वनी हृल्लेखन उपकरण पाठविले. ते ऱ्हीया सेडन या वैद्य अवकाशवीर महिलेने हाताळले.

हे काम जमिनीवरील कामाहून निराळे ठरले. मध्यपटल वर सरकल्याने हृदयाची छातीतील जागा बदलते व ते पाहण्यासाठी फासळ्यांमधील नवी जागा शोधावी लागते. शोधकाग्र छातीवर दाबले की दाबणारा स्वतःच मागे ढकलला जातो. म्हणून दोघांनाही पट्ट्यांनी बांधून घ्यावे लागते.

नळीने घेतलेली कसोटी : द्रव छातीकडे सरकत असल्यामुळे हृदयाजवळील मोठ्या नीलांतील दाब (केंद्रीय नीला दाब) वाढत असला पाहिजे, असे सर्वसाधारणपणे मानले जात होते. फुगलेल्या मानेच्या शिरा याचीच साक्ष देत आहेत असे वाटे. स्पेसलॅब–१ मध्ये दंडाच्या नीलेतून सुईने घेतलेल्या मोजमापांनी या समजुतीस धक्का दिला होता. तथापि ती मोजमापे उड्डाणानंतर बऱ्याच तासांनी घेतलेली होती. अखेर जून १९९१ मध्ये कोलंबिया यानातील स्पेसलॅबच्या पहिल्या जीवविज्ञान मोहिमेत हृद्रोगतज्ञ ड्रू गॅफनी यांनी स्वतःच्या नीलेत बारीक नळी घालून घेतली आणि ती तशीच ठेवून ते अवकाशात गेले. १९९३ मधील दुसऱ्या मोहिमेत आणखी दोघांवर हाच प्रयोग झाला.

तिघांचे सरासरी निष्कर्ष अनपेक्षित होते. उड्डाणापूर्वी बसलेल्या स्थितीत पाण्याच्या ८·४ सेंमी. असलेला दाब यानात पाय वर करून उताणे पडल्यावर १५ सेंमी. झाला, परंतु वजनरहित अवस्थेत दहा मिनिटांनंतर तो अवघा २·५ सेंमी. भरला. हृदय रिकामे होत असल्याची ही खूण होती काय? प्रतिध्वनी हृल्लेखन नेमके उलट सांगत होते. डाव्या निलयाचा पूर्ण भरलेल्या स्थितीतील व्यास उड्डाणापूर्वी उताण्या स्थितीत ४·६० सेंमी. होता, तो अवकाशातील पहिल्या ४८ तासांत ४·९७ सेंमी. झाला. दाब घटला होता आणि हृदय मात्र अधिक भरत होते.

दोन्ही मापने खरी होती. हृदय किती भरेल हे केवळ आतील दाबावर नव्हे, तर आतील व बाहेरील दाबांच्या फरकावर अवलंबून असते. वजनरहित अवस्थेत छातीचा पिंजरा व उदरातील इंद्रिये यांचा भार नाहीसा झाल्याने हृदयाभोवतीचा दाब आतील दाबाहूनही अधिक उतरतो. विमानाच्या अन्वस्तीय उड्डाणांत मिळणाऱ्या सु. वीस सेकंदांच्या वजनरहित अवस्थेत डेन्मार्कमधील संशोधकांनी अन्ननलिकेतील दाबही मोजून १९९७ मध्ये या स्पष्टीकरणास दुजोरा दिला. चुकले होते ते दाबावरून भरणाचे अनुमान करणारे गृहीतक. शरीराबाहेरून घेतलेले चित्र येथे रक्तवाहिनीतील प्रत्यक्ष मापनापेक्षा अधिक बोलके ठरले.

दीर्घ मुक्काम : आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात नोव्हेंबर २००० पासून माणसांचे सतत वास्तव्य असल्याने अनेक महिन्यांचे निरीक्षण शक्य झाले. चेकोस्लोव्हाकियातील यान पेन्याझ यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार बोटाभोवतीच्या छोट्या पट्ट्यातील दाब प्रकाशसंवेदी यंत्रणेने क्षणोक्षणी बदलून प्रत्येक ठोक्याचा रक्तदाब नोंदविता येतो. निरुपद्रवी वायूंचे मिश्रण पुनःपुन्हा श्वासावाटे घ्यावयास लावून त्यांपैकी रक्तात विरघळणाऱ्या वायूच्या शोषणावरून फुप्फुसांतून जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण काढता येते. या पद्धतीस छातीच्या आकाराविषयी कोणतेही गृहीतक लागत नाही. तिच्या साहाय्याने आठ अवकाशवीरांवर केलेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन ते सहा महिन्यांच्या मुक्कामात हृदयाचे दर मिनिटाचे उत्सर्जन, भूमीवरील बसलेल्या स्थितीच्या मानाने, सु. ४१ टक्क्यांनी वाढलेले आणि रक्तदाब मात्र उतरलेला आढळला. रोहिण्या रुंदावल्याशिवाय असे घडू शकत नाही. त्या रुंदावण्याची पूर्ण कारणमीमांसा झालेली नाही. बारा अवकाशवीरांच्या श्राव्यातीत चित्रांवरून २०१४ मध्ये असेही दाखविण्यात आले की, अवकाशात हृदयाचा आकार सु. ९·४ टक्क्यांनी अधिक गोलसर होतो व परतल्यावर तो पूर्ववत होतो.

मानेच्या नीलेतील गुठळी : या मापनांचे व्यावहारिक महत्त्व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने प्रकर्षाने पुढे आणले. अकरा अवकाशवीरांच्या मानेतील अंतःस्थ ग्रीवा नीलेची तपासणी केली असता, सु. ५० व्या दिवशी सहा जणांत तेथील रक्त साकळलेले अथवा उलट दिशेने वाहत असलेले दिसले. एका व्यक्तीच्या नीलेत रक्ताची गुठळी (अंतर्क्लथ) होऊन ती नीला बंद झाली होती. त्या व्यक्तीस कोणताही त्रास जाणवत नव्हता. ही तपासणी संशोधनाचा भाग म्हणून होत नसती, तर गुठळीचा पत्ताही लागला नसता. अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतू शकते.

पृथ्वीवरील तज्ञांनी पडद्यावरील चित्र पाहून सूचना द्यावयाच्या आणि अवकाशवीराने त्यानुसार शोधकाग्र फिरवावयाचे, या रीतीने निदान निश्चित करण्यात आले. स्थानकात रक्तक्लथनरोधी औषधाचा साठा मोजकाच होता. तो पुरवून वापरण्यात आला व पुढे मालवाहू यानातून पोटात घेण्याचे औषध पोहोचविण्यात आले. वेळोवेळी घेतलेल्या चित्रांवरून गुठळी आक्रसत असल्याचे दिसले. त्या नीलेतील रक्तप्रवाह मात्र परतेपर्यंत आपोआप सुरू झाला नाही. जमिनीवर आल्यावर उरलेली गुठळीही काही दिवसांत नाहीशी झाली. कमरेखाली ऋण दाब दिल्यास या नीलेतील प्रवाह सुधारतो काय, हेही वरील अभ्यासात पाहण्यात आले. १७ पैकी १० वेळा तो सुधारला. स्कायलॅबमध्ये चाचणीसाठी वापरलेली प्रयुक्ती अशा रीतीने संभाव्य उपचार म्हणून पुढे आली.

भूमीवरील उपयोग : अवकाशासाठी विकसित झालेल्या यांतील अनेक पद्धती भूमीवरील वैद्यकात रुजल्या आहेत. संरोध पद्धतीवर मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात दीर्घकाळ काम झाले आणि हातापायांतील रक्तप्रवाहाचे दोष शोधण्यासाठी तेथे बनविलेल्या उपकरणांचा मुंबईच्या रुग्णालयांत उपयोग करण्यात आला. दुरून मार्गदर्शन घेऊन श्राव्यातीत तपासणी करण्याची रीत तज्ञ नसलेल्या दुर्गम भागांसाठीही उपयुक्त आहे.

मंगळासारख्या दूरच्या प्रवासात संदेश जाण्यास अनेक मिनिटे लागतात. तेथे पडदा पाहून पृथ्वीवरून तत्काळ सूचना देणे शक्य होणार नाही. मोजणे, अर्थ लावणे व निर्णय घेणे ही तिन्ही कामे यानातच करावी लागतील. लायकाच्या नाडीपासून ग्रीवा नीलेच्या चित्रापर्यंतचा अनुभव असा की, एकाच संकेतावर विसंबणे धोक्याचे असते आणि भिन्न गृहीतकांवर आधारलेल्या दोन मापनांत विसंगती आढळली, तर बहुधा तीतूनच नवे ज्ञान हाती येते.